रकाना सात

मी व्रणोपचारक. पाटीवर असंच लिहिलंय,
गावात मात्र सुईवाले म्हणतात.

खाजाभाईनं माळेगावच्या जत्रेतून आणली ती,
नुकरी, गुलाबी नाकाची, डाव्या कानाचं टोक चिरलेली.
व्यापाऱ्यानं पळवून दाखवली, पाण्यासारखी पळाली.
चौथ्या दिवशी कंधारात पाय टेकवेना.
मी मान चाचपली. कातडीखाली गाठी,
जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या, ओळीनं.
मला कळलं. बोललो नाही.
सुई सुईला ओळखते.

मग लगनसराई लागली.
एका दिवसात तीन वराती, डीजे, फटाक्यांच्या लडी,
आणि नवरदेव ऐंशी किलोचा.
"साहेब, बारातीपुरती उभी करा हिला,
सुपारी घेऊन बसलोय."
साहेब म्हटलं की माझा हात हलका होतो.
सुजेचं एक, दुखण्याचं एक.
डेक्साची बाटली ती केवढी, अंगठ्याएवढी.
पाच मिली. मग दहा. पुढचं मोजणं मी
त्याच्या पोरावर, मुजम्मिलवर सोडलं.

औषध काम करतं, हीच त्याची वाईट खोड.
अंग भरलं, कातडी चमकली,
लोक म्हणाले, काय खुराक देतो रे खाजा?
ती अधाशासारखी खायची, बादल्या रिकाम्या करायची,
आणि रात्री पुढचे पाय लांब टाकून
मागं रेलून उभी,
जमिनीचा तवा झाल्यासारखी.

खुराच्या आत पानाला पान धरून असतं.
तेच सुटत जातं.
हे मला पुस्तकातून नाही, बोटांनी माहीत:
वैशाखात पाय उचलला तर
नालामागं खुराची कड हलत होती,
पडायला आलेल्या दातासारखी.
तरी त्या रात्री वरात झाली.

पहाटे गेली. झूल अंगावरच.
दुपारपर्यंत पोट ढोलासारखं.
मन्याडच्या काठाला टाका, कुणी म्हणालं,
कुत्री बघून घेतील.
पूर्वी गिधाडं होती, सांजेपर्यंत हाडं धुवून द्यायची.
ती असलंच काही खाऊन संपली.
मी म्हणालो, नाही. हिच्या मांसात माझी औषधं आहेत.
एवढ्या मोठ्यानं मी जन्मात बोललो नव्हतो.

गल्ली गप्प झाली. आणि सावकाश
एकेक डोळा माझ्याकडं वळला.
मी आता साहेब नव्हतो.
आज्या मेलेलं ओढायचा.
बानं एक दिवस सोल चव्हाट्यावर टाकला,
म्हणाला, आता तुमचं तुम्ही ओढा.
वर्षभर गिरणीत आमचं दळण घेतलं नाही कुणी.
त्या सोलाच्या बदल्यात मला शाळा मिळाली,
शाळेच्या बदल्यात सुई.

आधी मुजम्मिल वाकला. मग मी.
आज्यासाठी नाही, त्या डोळ्यांसाठी तर नाहीच.
ज्यानं उभी केली
त्यानं आडवी न्यावी, एवढंच.
बा असता तर बोलला असता का माझ्याशी, माहीत नाही.

जेसीबी बाराशे रुपये तास.
आठ फूट खड्डा, वर काळी, खाली मुरूम,
चुन्याची दोन पोती, मिठाचं एक.
खाजाभाईनं शेपटीचे केस कापले मूठभर,
घरी न्यायला,
मग मूठ खड्ड्यावरच उघडली.
नाल मी काढले. तीनच निघाले.
चौथा कुणाच्या तरी मांडवापुढं पडला असेल
अक्षतांमध्ये.

सोमवारी रजिस्टर उघडलं.
जनावर: घोडी. रंग: पांढरा. वय: अंदाजे नऊ.
मृत्यूचं कारण: खुराचा दाह. खोटं नाही ते.
रकाना सात: दिलेलं औषध, मात्रा, देणाऱ्याची सही.
दारात कुणीतरी बैल धरून उभा, मागला पाय उचललेला.
"साहेब, उद्या बाजार हाय. उद्यापुरतं कायतरी..."

मी सही आधी केली.
मात्रा आता आठवून आठवून भरतोय.
त्याला म्हणालो, बैल सावलीला बांध.
वेळ लागेल.